निवडून पाठवलेला सुरा

४ ऑगस्ट

खारोट्या,

ही हाक वाचून तुझ्या कपाळाला आठी पडणार, माहीत आहे. पडू दे. बत्तीस वर्षांचा झालास म्हणून मी तुला 'सप्रेम नमस्कार' लिहायला बसले तर माझं मलाच हसू येईल. दिसेल त्या झाडावर चढायचास तेव्हापासून खारोट्या, आणि माझ्या तोंडी तेच राहणार.

आज तुझं अक्षर पाहिलं. सहा वर्षांनी! मी आता नोंदवहीच्या टेबलावर नसते. मालकांनी मला वॉरंटीचं टेबल दिलंय. आपल्या कारखान्याच्या रानसुऱ्याच्या डब्यावर हल्ली 'आयुष्यभराची हमी' असं लाल अक्षरात छापतात. स्वस्तातला सुरा, आणि वर आयुष्यभराची हमी, मग काय, डोंगरात जाणारे, मासे धरणारे, लाकडं फोडणारे, सगळे तोच घेतात. तुटला की तुकडे खोक्यात घालून माझ्याकडे पाठवायचे, सोबत एक फॉर्म. मी तुकडे पाहते, फॉर्मवरचं कारण वाचते, आणि एकतर नवा सुरा पाठवते, नाहीतर 'गैरवापर' असा शिक्का मारून तुकडे परत. लोक काय काय थापा मारतात म्हणून सांगू! गेल्या आठवड्यात एकाने लिहिलं, 'सुरा म्यानात असताना आपोआप मोडला.' पात्याला निळा रंग लागलेला. रंगाचा डबा उघडायला घातला होता मेल्याने.

आणि आज सकाळी अकराव्या खोक्यात तू. पत्त्यात लिहिलंस, 'बी गोळा करणाऱ्यांचा तळ, मार्फत डेपो.' म्हणजे अजून झाडावरच आहेस तर. आणि कारणाच्या रकान्यात, देवा रे, काय लिहावं माणसाने? 'शेवटच्या टप्प्यात दोर पोचत नाही. खोडात सुरा ठोकून त्यावर पाय ठेवतो. सहा वर्षं ठेवतोय. या वेळी टोकाकडून दोन बोटं मोडला.' अरे, नियम चार वाच ना! सुऱ्यावर उभं राहिल्यास हमी लागू नाही. तुला ते ठाऊक असणार, आणि तरी खरं लिहिलंस. नकारच हवा होता का तुला माझ्याकडून?

नाही देणार. तुझा फॉर्म मी फाडला, नवा भरला आणि कारण लिहिलं, 'फांदी छाटताना.' मग मागच्या कपाटातून वॉरंटीचा ट्रे काढला आणि एकेक सुरा वर्तमानपत्रावर ओढून पाहिला. बाराएक पाहिले असतील. त्यातला एक असा निघाला की कागदाचे दोन भाग झाले आणि आवाजसुद्धा आला नाही. तोच घेतला. 'तपासले'च्या चिठ्ठीवर माझी सही केली, चिठ्ठी म्यानात सारली आणि दुपारच्या टपालाने पाठवूनही दिला. पार्सलात खाजगी पत्र घालायला मनाई आहे, म्हणून हे वेगळं.

तुझे तुकडे मी परत पाठवले नाहीत. नियमाने भंगारात जायला हवेत. माझ्या खणात आहेत. तू आणि आबांनी मिळून भट्टीवर शेकलेला होता तो, इथल्या तुझ्या शेवटच्या वर्षातला.

त्या नोंदीबद्दल आज काही लिहीत नाही. मिळाला की दोन ओळी टाक. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी ताई


१९ ऑगस्ट

खारोट्या,

सुरा मिळाल्याची पोच आली. डेपोचा शिक्का आणि खाली तुझी सही, बस्स. एक अक्षर जास्त लिहिलं असतंस तर काय शाई संपली असती?

बरं, राग नाही. तुझा स्वभावच तो. आबा गेले तेव्हा तू आला नाहीस, ते मात्र मी विसरलेले नाही. दोन वर्षं झाली. त्यांचं दुखणं वाढलं तेव्हाच कळवलं होतं तुला, आणि गेल्यावरही. वेळेत पोचलाही असतास. शेवटचे तीन दिवस ते दाराकडे बघत होते, आणि मी त्यांना सांगत होते की गाड्या मिळत नसतील. असो. वाद घालायला हे पत्र नाही.

इथलं सांगण्यासारखं म्हणजे मालकांनी माझ्या खोलीत पंखा लावून दिलाय. आणि हो, या आठवड्यात तीन जणांनी बदलून दिलेले सुरे परत पाठवले. म्हणजे एकदा तुटला, आम्ही दुसरा दिला, आणि तो दुसराही तुटला. असं क्वचित होतं. तिन्ही एकाच जागी मोडलेत, मुठीपासून एक बोट वर. वाकलेले नाहीत, पिळलेले नाहीत. सरळ दोन तुकडे. मासेवाल्या एका म्हाताऱ्याने लिहिलंय की सुरा हातातून दगडावर पडला आणि फुटला. 'फुटला' लिहिलंय त्याने. मी हसले, म्हटलं सुरा आहे की कपबशी.

तू आपला थोडा जपून वापर. नवा आहे, हाताला बसेपर्यंत वेळ लागतो. पाय वगैरे ठेवायचे असतील तर काही दिवस नको ठेवूस. खास काही कारण नाही, सहज सांगतेय.

बी गोळा करायचा हंगाम कधी सुरू होतो तुमचा? तेवढं कळव.

ताई


२ सप्टेंबर

खारोट्या,

तुझं उत्तर नाही. डेपोपर्यंत टपाल दोन दिवसांत जातं आणि पुढे तळावर सामानाची गाडी पंधरवड्याने, असं इथल्या टपालवाल्याने सांगितलं. त्यामुळे उशीर होणारच, असं मी मनाला समजावते.

आता नऊ झाले. नऊही बदलून दिलेले. दुकानातून गेलेला एकही नाही. मी नोंदी लावून पाहिल्या, नऊच्या नऊ मागच्या कपाटातल्या त्या ट्रेमधले आहेत. एका बाईने लिहिलंय की तिचा नवरा होडीचा दोर कापत होता, पात्याचा तुकडा उडून त्याच्या भुवईत गेला. डोळा वाचला. बाईने पुन्हा सुरा मागितला नाही, फक्त तुकडे पाठवले आणि लिहिलं, 'तुम्हीच ठेवा.'

काल जेवणाच्या सुट्टीत मी भट्टीवर गेले. मालक नव्हते. कानस उचलली आणि ट्रेमधल्या एका पात्यावर मारली. तुला आठवतं ना, आबा कसं दाखवायचे? चांगल्या शेकलेल्या पात्याला कानस थोडी धरते, बारीक कीस निघतो. माझी कानस सटकली. तीनदा मारली, तीनदा सटकली. ओरखडासुद्धा नाही. तुला याचा अर्थ सांगायची गरज नाही, तू माझ्यापेक्षा चांगला जाणतोस. तापवून तेलात विझवलेलं पातं, नंतर मंद आचेवर शेकलंच नाही तर असं होतं. धार अशी लागते की बघत राहावं, पण जोर पडला की संपलं.

म्हणून स्पष्ट लिहिते. पाठवलेल्या सुऱ्यावर पाय ठेवू नकोस. खोडात ठोकूही नकोस. बाजूला ठेवून दे, मी दुसरा पाठवते, दुकानातला. मला हे आत्ता कळलं, नाहीतर तुला तो पाठवला असता का मी?

पत्र मिळाल्याबरोबर कळव. एकच शब्द लिही, 'ठेवला.'

ताई


९ सप्टेंबर

खारोट्या,

मागच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य खोटं आहे. आत्ता कळलं नाही मला. आठ दिवस ते वाक्य घशात अडकलंय, आता ओकून टाकते.

जूनमध्ये शेकायची भट्टी दोन दिवस बंद होती. दुरुस्तीवाला आला नाही, आणि माल पुढे ढकलायची घाई. दोनशे चाळीस पाती तशीच मुठी बसवून पुढे गेली. हल्लीचा भट्टीवाला भला माणूस आहे, तो स्वतः मालकांकडे गेला. मालकांनी कानस मारून पाहिली आणि म्हणाले, "दुकानात नको. वॉरंटीच्या कपाटात ठेवा. बदलून मिळालेल्या वस्तूची कोणी कटकट करत नाही." भट्टीवाला ट्रे घेऊन माझ्याकडे आला तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, हे शेकायचे राहिलेत बरं का." मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "कडक आहेत, इतकंच. उलट जास्त दिवस धार धरतील." आणि मी गप्प बसले. मान डोलावून जागेवर आले आणि ट्रेवर चिठ्ठी चिकटवली, 'बदली'.

मग तुझा फॉर्म आला. तू म्हणशील, माहीत होतं तर भावाला त्यातलाच कसा पाठवलास? तेच तर मी रोज स्वतःला विचारते. मला खरंच वाटलं, कडक म्हणजे टिकाऊ. भट्टीजवळ तू वाढलास रे, मी टेबलाजवळ. आबांच्या तोंडून शेकायचं शंभरदा ऐकलं असेल, पण पोळ्या लाटता लाटता ऐकलं. मी मुद्दाम सगळ्यांत धारदार शोधला. सगळ्यांत धारदार म्हणजे सगळ्यांत न शेकलेला, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. दुसऱ्या कोणासाठी असतं तर वरचा उचलून दिला असता. तुझ्यासाठी निवडत बसले.

आणि आता निघालंच आहे तर तेही. त्या नोंदीचं. 'भट्टीवाला दुपारी दोन तास जागेवर नव्हता' हे मी लिहिलं. तू जागेवर होतास. तू मालकांशी भांडत होतास की तेल आधी कोमट होऊ द्या, नाहीतर पाती तडकतील. तडकली. मालकांनी मला बोलावून सांगितलं काय लिहायचं ते, आणि मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि त्यावरून तुला काढलं. आबांनी वाचलं आणि म्हणाले, "लेकीच्या हातचं आहे, खोटं कसं असेल." त्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसले. नोकरी जाईल म्हणून घाबरले. दुसरं काही कारण नाही, मोठं काही शोधू नकोस.

मला हवं ते म्हण. पण तो सुरा टाकून दे. दरीत फेक. आज अकरावा परत आला.

उद्या डेपोत फोन लावते.

ताई


१२ सप्टेंबर

खारोट्या,

हे पत्र तू उघडणार नाहीस हे मला आता माहीत आहे, त्यामुळे निदान सजवून लिहायची गरज उरली नाही.

परवा फोन लागला. डेपोवाले काका बोलायला चांगले आहेत, पण ऐकू कमी येतं. तीनदा ओरडून सांगावं लागलं की मी त्याची बहीण. मग ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे ती पत्रं तुमची! त्याची पत्रं आहेत ना इथं, डब्यात. वीसेक असतील. तो येतो, पाकिटावरचं अक्षर बघतो आणि म्हणतो, काका, असू देत इथंच."

मी म्हटलं, "सगळीच?"

"सगळीच. फाडत नाही हो. फेकतही नाही. नीट ठेवायला सांगतो."

खारोट्या, म्हणजे आबांचंही त्यातच आहे. दोन वर्षं मी तुला दगड म्हणत आले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, बाप गेला तरी आला नाही. आणि तुला माहीतच नाही की ते गेले. तू अजून कुठल्यातरी झाडावर बसून समजत असशील की आबा घरी आहेत.

पार्सल मात्र तू त्याच दिवशी उघडलंस, काका म्हणाले. त्यावर कंपनीचा छापील पत्ता होता ना.

मी म्हटलं, काका, त्याला निरोप द्या, तो सुरा वापरायचा नाही. ते म्हणाले, "तो आता पंधरा दिवसांनी येईल खाली. हंगाम सुरू झालाय." मी म्हटलं, वायरलेसवर सांगा. तर म्हणाले, "वायरलेस फक्त आग लागली किंवा माणूस पडला तरच, बाई. सुऱ्यासाठी कसा लावू?" मी तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं, की माणूस पडणारच आहे. मालक समोरच्या खुर्चीत चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "बरं, ठीक आहे," आणि फोन ठेवला. असं आहे बघ तुझ्या ताईचं. भावाचा जीव टांगलेला, आणि मी मालकांच्या कपाकडे बघतेय.

काल आणि आज बाहेरच्या दुकानातून लावला. वाऱ्याने लाईन पडलीय म्हणतात. स्वतः यावं तर तळावर माणसं नेत नाही ती सामानाची गाडी, हे खरं आहे. पण तू मला परतवून लावशील ही भीती, हेही खरं आहे.

शेवटी एक गोष्ट केली. कंपनीचा लेटरहेड घेतला, पत्ता टाईप केला, कंपनीच्या पाकिटात घातलं. तू तेवढं उघडतोस. त्यात लिहिलेलं इथं उतरवून ठेवते:

'प्रिय ग्राहक, आपणांस बदलून पाठवलेला रानसुरा शेकलेला नाही. तो ठिसूळ आहे. त्यावर पाय ठेवू नये, वजन टाकू नये, खोडात ठोकू नये. कारखान्याला हे जूनपासून माहीत होते. सुरा ताबडतोब बाजूला ठेवावा. वॉरंटी विभाग.'

मालकांना विचारलं नाही. टपालवाल्याच्या हातात दिलं आणि सोमवारच्या सामानाच्या गाडीत पडेल याची त्याच्याकडून शपथ घेतली. तो म्हणाला, "ताई, एवढं काय आहे यात?" मी म्हटलं, "माझा भाऊ आहे."

ताई


४ ऑक्टोबर

खारोट्या,

तुझं पत्र आलं. पाकिटावर दवाखान्याचा शिक्का होता. मी ते बराच वेळ टेबलावर ठेवून नुसती बघत होते. मग उघडलं. पहिल्या ओळीवरून कळलं की लिहिणारा तूच आहेस, जिवंत आहेस, आणि मी देवाचे आभार मानले. मोठ्याने मानले. पुढची ओळ वाचेपर्यंत.

तू लिहिलंस तसं मी परत परत वाचते. लग्न झालंय तुझं. तीन वर्षं झाली. तीही बीच गोळा करते, तुझ्यापेक्षा हलकी म्हणून तुझ्यापेक्षा उंच जाते. मला भावजय आहे हे मला आत्ता कळतंय, आणि ते कसं कळतंय!

'दोन सुरे होते,' तू लिहिलंस. 'तिचा जुना आणि तू पाठवलेला नवा. नवा इतका धारदार होता की तो मी तिला दिला. चांगला होता म्हणून तिला दिला.' यापुढे तू काही लिहिलं नाहीस, अर्धं पान मोकळं सोडलंस. मला कळलं रे. मीही तसंच केलं होतं.

कंपनीचं पाकीट तुझ्या हातात गुरुवारी दुपारी पडलं. ती सकाळीच पलीकडच्या उतारावर गेली होती. तू धावलास. ती वर होती, शेवटच्या टप्प्यात, आणि तू खालून ओरडलास, आणि तिने ऐकायला मान वळवली, आणि सगळा भार खोडातल्या सुऱ्यावर गेला, आणि सुरा मोडला. तू लिहितोस, मी ओरडलो नसतो तर कदाचित. नको. खारोट्या, हा विचार डोक्यातून काढ. तो सुरा कुठल्याही पायाखाली मोडलाच असता, आज नाही तर उद्या. यात तुझा वाटा नाही, तो माझ्याकडे दे.

तिला डोंगरावरून खाली आणायला चार तास लागले. डॉक्टर म्हणतात, कमरेखाली तिला काही कळत नाही आणि कळेलसं दिसत नाही. मग तू डेपोतून डबा मागवलास आणि तिच्या खाटेशी बसून सगळी पत्रं उघडलीस, जुन्यापासून सुरुवात करून. आबांचं चौथं होतं. तेव्हा तुझ्याजवळ कोणी होतं की नाही, एवढंच मला सारखं वाटत राहतं.

तू विचारलंस, भट्टीवाल्याचा मुलगा असून मी कानस का मारली नाही. आणि उत्तरही तूच दिलंस. म्यानात चिठ्ठी होती, 'तपासले', त्याखाली माझी सही. 'वाटलं, ताई दुसऱ्यांदा नाही खोटं लिहिणार.' पत्रं उघडत नव्हतास, पण त्या सहीवर विश्वास ठेवलास. मी खूप रडले, आणि रडून काही हलकं वाटलं नाही.

आता इथलं सांगते. काल मालकांनी बोलावलं. दवाखान्याची चौकशी आली असेल कुठूनशी. तुझा फॉर्म त्यांच्या पुढ्यात. म्हणाले, "यात 'फांदी छाटताना' लिहिलंय. आणि प्रत्यक्षात हे लोक सुऱ्यावर उभे राहतात. म्हणजे ग्राहकाने खोटं लिहिलं. गैरवापर. नोंद करून टाका आणि विषय संपवा." मी तुझ्या प्रेमापोटी बदललेलं कारण, बघ कुठे जाऊन लागतंय. त्यांनी पेनसुद्धा पुढे केलं. तोच माणूस, तीच खुर्ची. मीही तीच.

मी म्हटलं, "फॉर्म त्याचा नाही. तो मी भरलाय. त्याने खरं लिहिलं होतं, मी फाडलं. आणि ट्रे शेकलेला नाही हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं."

ते म्हणाले, "हे लेखी देणार?"

म्हटलं, "दिलंय. सकाळीच." भट्टीवाल्यानेही खाली सही केली. एक प्रत चौकशीवाल्यांना गेली, एक तुझ्या पत्त्यावर. सहा वर्षांपूर्वीच्या नोंदीचंही त्यात आहे. ट्रेमधले एकशे सत्तर सुरे बाहेर गेलेत. त्या सगळ्यांचे पत्ते मी वहीत उतरवून घरी आणलेत आणि दोन दिवस तीच पत्रं लिहितेय, कंपनीच्या कागदावर नाही, माझ्या. सदुसष्ट झाली. हात सुजलाय, पण ते तुला सांगायची लाज वाटते.

नोकरी गेली. तिच्यासाठी मी काय काय केलं होतं, आणि गेली तेव्हा पाच मिनिटं लागली.

तुझ्या पत्राचा शेवट मी सगळ्यांत जास्त वेळा वाचला. तू लिहिलंस, 'ती रोज विचारते, तो सुरा कुणी पाठवला होता. मी सांगतो, कंपनीने. तुझं नाव मी घेतलेलं नाही. मला बहीण आहे हेही तिला ठाऊक नाही.'

मला पाठीशी घातलंस की मला पुसून टाकलंस, ते मी विचारत नाही. दोन्हीचा तुला हक्क आहे. पण ती पाठीवर पडून आढ्याकडे बघत एकच प्रश्न विचारते आहे, आणि तिला छापील उत्तर मिळतंय. तसली उत्तरं मी रोज दहा जणांना पाठवायची. तिला नको.

तिला सांग, खारोट्या. आजच सांग. कंपनीने नाही, तिच्या नणंदेने पाठवला म्हणून सांग. बारा सुरे बघून त्यातला हा निवडला म्हणून सांग. आणि मग ती म्हणेल तर मी येईन, आणि ती नको म्हणाली तर येणार नाही.

ताई